इतर हक्क

सातबाराचा उतारा आपल्यापैकी प्रत्येकाने हाताळलेला आहे. सोसायटीच्या कर्जाला, विम्याला, कापूस खरेदी केंद्रावर, नाही तर कोर्टात. त्यावर भोगवटादाराचे नाव असते आणि एका बाजूला 'इतर हक्क' असा रकाना असतो. त्या रकान्यात काय काय असते? सोसायटीचा बोजा, बँकेचा बोजा, विहिरीतला हिस्सा, कुळाचे नाव, वाटेचा हक्क. जमिनीला चिकटलेले, पण जमिनीचे मालक नसलेले जे जे असेल ते सगळे तिथे. औसा तालुक्यातल्या एका गावी चौदा एकर कोरडवाहू जमिनीच्या उताऱ्यावर, त्याच रकान्यात, सोसायटीच्या बोज्याच्या खाली एका बाईचे नाव चाळीस वर्षे होते. ती बाई गेल्या वर्षी वारली. वय नव्वदीच्या पुढे.

तिचे नाव आम्ही इथे छापत नाही. घरच्यांची तशी इच्छा आहे, आणि गावानेही ते नाव कधी वापरले नाही. माहेरचे नाव लग्नातच बदलले. मग ती अमक्याची सून झाली, पुढे थोरल्याची माय, आणि शेवटची तीसएक वर्षे नुसती आजी. आम्हीही आजीच म्हणत होतो. तिच्या तेराव्याला गावात फ्लेक्स लागला, चार जण बोलले. घरासाठी झिजली, सगळ्यांना जेवू घातले, कधी कुरकुर केली नाही, असे सगळे म्हणाले. खोटे कोणीच बोलले नाही. पण ती शेतकरी होती, हे कोणीही म्हणाले नाही. म्हणून हे लिहितो आहोत.

आमचे शिक्षण परभणीच्या कृषी विद्यापीठातले. संघटनेच्या कामासाठी औसा तालुक्यात फिरताना रब्बी ज्वारीचे जुने बियाणे कोणाकडे राहिले आहे याची चौकशी करत करत आम्ही तिच्या ओसरीवर पोचलो. त्याला पंधरा वर्षे झाली. घरातल्या पुरुषांना बियाण्याविषयी विचारले. त्यांनी आत हाक मारली, "आये, ते शाळूचं बी कुठंय गं?" शेत पुरुषांच्या नावावर होते, पण शेतात काय पेरायचे ते कोणत्या मडक्यात आहे हे फक्त तिला माहीत होते.

तिचा जन्म निजामाच्या राज्यातला. तारीख कुठे लिहिलेली नाही. वयाचा हिशेब ती एकाच खुणेने करायची, "रझाकाराच्या वक्ताला म्या नवी नवरी." म्हणजे १९४७-४८ साल. त्या काळात घरातली माणसे रात्रीची गाडी जुंपून बार्शीच्या बाजूला निघून गेली होती. १९४८ च्या सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली तेव्हा परत आली. त्यानंतर तिने घर कधी सोडले नाही, पण पत्ता मात्र तीनदा बदलला. हैदराबाद संस्थान गेले, १९५६ ला मुंबई राज्य आले, १९६० ला महाराष्ट्र झाला, आणि १९८२ ला उस्मानाबादचा तालुका लातूर जिल्ह्यात गेला. एवढी सरकारे बदलली. उताऱ्यावरचा रकाना तोच राहिला.

आता तिच्या कामाचा हिशेब मांडू. हिशेब मांडायची आपल्या चळवळीची सवय जुनी आहे. कापसाचा उत्पादन खर्च काढताना बैलाच्या पेंडीपासून तिफणीच्या झिजेपर्यंत सगळे धरले पाहिजे, असे आपण सरकारशी भांडून सांगितले. मग हिशेब घरातही लावू.

रब्बीची पेरणी घ्या. तिफण पुरुष हाकतो. चाड्यावर मूठ धरते ती बाई. रब्बी ज्वारीला हेक्टरी दहा किलो बियाणे, म्हणजे एकरी चार किलो, असे आम्हाला विद्यापीठात शिकवले. ते चार किलो एकरभर सारखे पडायचे असेल तर ते मुठीवर अवलंबून असते. मूठ सैल सुटली तर दाट होते, आवळली तर नाग्या पडतात. आजीच्या मुठीतून पडलेल्या शाळूत विरळणी करायला फार काही उरत नसे. हे कौशल्य आहे. यंत्राने पेरायचे तर त्याचे एकरी भाडे द्यावे लागते. आजीला कोणी दिले?

मग बियाण्याची निवड. खळ्यावर रास पडल्यावर त्यातून बी काढायचे नसते, उभ्या पिकातून काढायचे असते, हे तिला कोणी शिकवले माहीत नाही. पीक पिवळे पडायला लागले की ती धुऱ्याधुऱ्याने फिरायची. ताट कडक, कणीस भरलेले, दाणा मोत्यासारखा, काणी नाही, असे झाड दिसले की त्याला चिंधी बांधायची. चिंधीची कणसे वेगळी खुडायची, वेगळी वाळवायची, हाताने बडवायची. दाणे राखेत कालवून, वर लिंबाचा पाला घालून, मडक्याचे तोंड शेणामातीने लिंपून ठेवायचे. मालदांडी ३५-१ हा वाण मोहोळच्या संशोधन केंद्रात असाच निवडीतून निघाला आणि आजही रब्बीच्या पट्ट्यात टिकून आहे. फरक एवढाच की केंद्रातल्या निवडीची वही असते, आजीच्या निवडीला चिंधी होती.

पेरणीच्या आधी ती ओल्या फडक्यात दाणे बांधून ठेवायची आणि चौथ्या दिवशी मोड मोजायची. शंभरातले किती उगवले हे बघून किती मूठ धरायची ते ठरवायची. आज कृषी खाते दर जूनमध्ये सोयाबीनसाठी हेच सांगते, ओल्या गोणपाटात शंभर दाणे ठेवा, सत्तरच्या वर उगवले तर पेरा. २०२० च्या जूनमध्ये मराठवाड्यात पिशवीचे सोयाबीन गावोगाव उगवले नाही, तक्रारींचे ढीग लागले, उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला दखल घ्यावी लागली. त्या हंगामात आजी हसून आम्हाला म्हणाली, "पिशवीवर इस्वास ठिवला व्हय? मोड बघाय काय पैसं पडत्यात का?"

खुरपण तिचे, कापसाची वेचणी तिची. कापूस वेचणाऱ्या बाईची बोटे बोंडाच्या टोकदार सालींनी कशी फाटतात ते वाचकांतल्या मायबहिणींना सांगायला नको. १९७२ साली राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली. वेचलेला कापूस बैलगाडीत भरून पुरुष केंद्रावर न्यायचे, रांगेत मुक्काम करायचे, चुकारा घेऊन यायचे. चुकारा सातबाऱ्यावरच्या नावाने. आजीने किती मण कापूस वेचला असेल याची मोजदाद नाही, पण तिच्या नावाचा एक रुपयाचाही चुकारा कधी निघाला नाही हे नक्की.

आणि हे सगळे घरकाम सोडून. घरात खाणारी नऊ माणसे धरली, दोन वेळच्या मिळून चाळीस भाकरी धरल्या, तरी वर्षाच्या चौदा हजार सहाशे होतात. साठ वर्षांच्या आठ लाख शहात्तर हजार. त्यातल्या पहिल्या वीसएक वर्षांचे पीठही तिने पहाटे उठून जात्यावर दळलेले, कारण गावात गिरणी नव्हती. पाणी आडाचे. जळण शेतातल्या पळाट्यांचे आणि गवऱ्यांचे, त्या गवऱ्याही तिनेच थापलेल्या. सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत असे निघाले की देशात बिनपगारी घरकाम करणारी बाई रोज सरासरी २९९ मिनिटे त्यात घालवते आणि असे काम करणारा पुरुष ९७ मिनिटे. शहरे, गॅस, नळ सगळे धरून ही सरासरी आहे. आजीच्या चुलीपुढे ती फारच कमी भरेल.

कृषिमूल्य आयोग हमीभाव ठरवताना घरच्या माणसांची मजुरी धरतो. २०१८ च्या अर्थसंकल्पात दीडपट भावाची घोषणा झाली ती पदरचा खर्च अधिक घरची मजुरी यावर. त्या मजुरीत खुरपणी येते. खुरपणाऱ्यांसाठी थापलेली भाकरी येत नाही, बियाण्याचे मडके येत नाही. सरकारने आपला घाम कमी मोजला म्हणून आपण रस्त्यावर उतरलो, ते बरोबरच होते. पण घरातला निम्मा घाम आपणही मोजला नाही. सरकारकडे मागायचा तो न्याय चुलीपाशी येऊन का थांबतो, हे बैठकीत कोणी तरी विचारले पाहिजे.

१९७२ च्या दुष्काळाची गोष्ट तिने आम्हाला एकदाच सांगितली. खरीप गेला, रब्बी पेरलीच नाही. बैल निम्म्या किमतीला गेले. ती आणि मालक दोघे दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. थोरल्या लेकीच्या कडेवर धाकटे लेकरू. सरकारी धान्य म्हणून परदेशातून आलेला तांबडा मिलो मिळायचा. त्याच्या भाकरीला ना चव ना चिकटपणा, लेकरे तोंड फिरवायची. त्या वर्षभर घरात शाळूच्या बियाण्याचे एक मडके भिंतीत लिंपून ठेवलेले होते. मालकांनाही सांगितले नव्हते. "सांगितलं असतं तर म्हणले असते, काढ. लेकरं रडल्यावर बापाला दम निघत न्हाई," ती म्हणाली. लेकरे तर तिचीही रडत होती. पावसाने पुढच्या साली तोंड दाखवले तेव्हा गावातल्या पाच घरांनी तिच्या मडक्यातले बी पेरले. सवाईने परत घेतले तिने, उगाच दानधर्म म्हणून नाही. व्यवहार तिला चांगला कळत होता.

ती देवी नव्हती, हेही सांगितले पाहिजे. थोरल्या सुनेला तिने फार जाच केला. कणगीची किल्ली साठी उलटली तरी सोडली नाही. तुपाची धार नातवांच्या ताटात आधी पडायची, नातींच्या नंतर. आणि मुख्य म्हणजे, मालक १९८४ साली वारले तेव्हा दोन्ही लेकींना तिनेच तलाठ्यापुढे उभे करून हक्क सोडायला लावले. लेकीला साडीचोळी, लेकाला जमीन, हा तिचा न्याय होता. वारसाची नोंद झाली. दोन लेक भोगवटादार झाले. तिचे स्वतःचे नाव गेले इतर हक्कात.

कायद्याने काय होते ते बघा. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे नवरा मृत्युपत्र न करता वारला तर त्याच्या वाट्यात बायको, मुलगे आणि मुली सारख्याच हक्काच्या वारस. म्हणजे तिचा हिस्सा लेकाएवढाच होता आणि लेकींचाही तेवढाच. पुढे महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली मुलीला जन्मानेच घरच्या एकत्र मालमत्तेत हक्क दिला. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली त्याबद्दलच्या उरल्यासुरल्या शंका काढून टाकल्या. पण विधवेचे नाव मालकीच्या रकान्यात न घालता शेजारच्या रकान्यात टाकायची रीत आपल्या मुलखात फार जुनी आहे. कायदा मुंबईला आणि दिल्लीला बदलतो, रकाना गावात भरला जातो. घरातला कोणीही त्यावर बोलला नाही. तिला तर वाचताच येत नव्हते.

१९९३ साली ३० सप्टेंबरला पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. किल्लारी औसा तालुक्यातलीच. आदल्या रात्री गणपती बुडवून गावे झोपलेली होती. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचे माळवद, अशी ती घरे माणसांच्या अंगावर आली. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून हजारोंनी माणसे गेली. आजीच्या गावात भिंती फाटल्या, माणसे वाचली. पण थोरली लेक तेरणाकाठच्या एका गावी दिलेली होती. १९७२ ला धाकट्याला कडेवर घेऊन खडीवर बसणारी तीच लेक. ती आणि तिची दोन लेकरे माळवदाखाली राहिली. तिसरी मुलगी सहा वर्षांची, ती वाचली. आजी तिला घेऊन आली आणि साठीच्या घरात असताना पुन्हा आई झाली. या नातीला तिने शाळेत घातले, लातूरला कॉलेजात घातले. पैसे कोठून आणले? दोन शेळ्या, कोंबड्या आणि कडब्याच्या पेंढ्या. लेकांच्या खात्यातले नव्हेत. त्या नातीने एकदा आजीला विचारले होते म्हणे, माझ्या आईचा वाटा कुठे गेला? आजी काही बोलली नाही. पण त्यानंतर गावातल्या दुसऱ्या एका पोरीला हक्कसोडीवर अंगठा द्यायला नेत होते तेव्हा आजी वाड्याच्या दारात जाऊन बसली आणि म्हणाली, "हिला इचारलं का?" एवढेच. ती सही त्या दिवशी झाली नाही. पुढे झाली की नाही याची चौकशी आम्ही केलेली नाही.

भूकंपानंतर घरे बदलली. ज्या गावांचे पुनर्वसन झाले तिथे आखीव रस्ते आणि सिमेंटची घरे आली, तिच्या गावात दुरुस्त्या झाल्या. नव्या घरात कणगीला जागा नव्हती, पेवाला तर प्रश्नच नाही. आणि हळूहळू पीकही बदलले. लातूर जिल्हा सोयाबीनचा झाला. सोयाबीनला आमचा विरोध नाही, ज्या पिकाला चार पैसे मिळतील ते शेतकऱ्याने घ्यावे. पण घरात काय बदलले ते पाहण्यासारखे आहे. ज्वारी घरात यायची, आणि घरात आली की तिची मालकीण आजी. किती खायची, किती विकायची, बलुत्याला किती, बियाण्याला किती, लेकीच्या बाळंतपणाला किती, हे ती ठरवायची. सोयाबीन मळणी यंत्रातून पोत्यात, पोत्यातून आडतीवर आणि आडतीवरून खात्यात जाते. खाते पुरुषाचे. कणगी गेली तशी किल्लीही गेली. उताऱ्यावर नाव नसले तरी जे काही चालत होते ते कणगीच्या जोरावर चालत होते. तो आधार गेल्यावर बाईकडे शेतातले फक्त काम राहिले.

आमच्या पट्ट्यात येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला, सगळे गाव शेतात असते. कडब्याची कोप करायची, आत लक्ष्मी मांडायची, भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे यांचा नैवेद्य. दोन दिवस आधीपासून राबायचे बाईने, डोक्यावर आंबिलाचे मडके घेऊन शेतात जायचे बाईने. शेताची लक्ष्मी म्हणून पूजा होते आणि त्याच शेताच्या उताऱ्यावर घरच्या लक्ष्मीचे नाव नसते. शेतकरी संघटनेने हे पस्तीसहून अधिक वर्षांपूर्वी बोलून दाखवले होते. १९८६ च्या नोव्हेंबरात चांदवडला शेतकरी महिलांचा प्रचंड मेळावा झाला. पुढे 'लक्ष्मीमुक्ती'चा कार्यक्रम आला, बायकोच्या नावाने जमीन करून द्या, हे तिचे जुने देणे आहे, उपकार नव्हे. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेर गावात १९९० साली १२७ बायकांच्या नावे जमीन झाली. जे सरकार आपल्याशी फक्त लाठीने बोलायचे त्यालाही दखल घ्यावी लागली. १५ सप्टेंबर १९९२ ला महसूल विभागाने परिपत्रक काढले की नवऱ्याने हयातीत अर्ज केला तर बायकोचे नाव सहहिस्सेदार म्हणून अधिकार अभिलेखात लावावे.

हे परिपत्रक निघून तीस वर्षांवर झाली. आमच्या बैठकांत विचारतो तेव्हा हात वर करणारे दोन-चार निघतात. बाकीच्यांना ते माहीतही नाही. ज्यांना माहीत आहे त्यांच्या अडचणी ठरलेल्या. बाई जमीन विकून टाकील. माहेरी नेईल. भाऊबंद हसतील. औशाच्या दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर एक दिवस बसा आणि खरेदीखतावर 'लिहून देणार' कोण असतो ते पाहा. लग्नासाठी, दवाखान्यासाठी, सावकारासाठी, आणि कधी कधी नुसत्या दारूसाठी जमीन विकणारे बहुतेक पुरुष असतात. दोघांची नावे असली तर एकट्याला विकता येत नाही, हीच खरी भीती असावी.

नाव नसल्याने काय होते ते रोज दिसते. नवऱ्याने फास लावून घेतला की बाई रातोरात शेतकरी होते, कर्जाची नोटीस मात्र तिच्या दारात लगेच पोचते. बाईने स्वतः जीव दिला तर तिच्या नावे जमीन नाही म्हणून ती शेतकरी ठरत नाही. २०१९ पासूनचे किसान सन्मानचे सहा हजार, २०२३ पासूनचे राज्याचे सहा हजार, पीककर्ज, कर्जमाफी, आणि आता शेतकरी ओळख क्रमांक, सगळे उताऱ्यावरच्या नावाने. २०२४ पासून सरकार बहिणीला महिन्याला दीड हजार देते. द्यावे. आजी तर वयात बसत नव्हती, पासष्टीच्या पुढच्या बहिणी त्यात नाहीत. पण ओवाळणी वेगळी आणि वाटणी वेगळी.

खान्देशातल्या बहिणाबाई चौधरी अक्षरशत्रू शेतकरीण होत्या. १९५१ साली त्या गेल्या. मुलाने त्यांच्या ओव्या कागदावर उतरवून ठेवलेल्या होत्या, १९५२ साली त्यांचे पुस्तक निघाले, आणि आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. कागदावर उतरले नसते तर त्याही कोणाच्या तरी आजी म्हणून गेल्या असत्या. आमच्या आजीला ओव्या येत होत्या, पण तिची खरी वही म्हणजे बियाण्याचे मडके. ते आम्ही वेळेवर पाहिले म्हणून निवडीची पद्धत आम्हाला लिहून घेता आली. मागेल त्याला ती टिपणे देऊ.

धाकट्या सुनेने गेल्या काही वर्षांत नवऱ्याकडून एक एकर मागून घेतले आहे. भूकंपानंतर या भागात आलेल्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने बायकांना ही वाट दाखवली, घरापुरते अन्न पिकवायला एकरभर आपल्या हातात घ्या, सगळे शेत मागत बसू नका. त्या एकरात शाळू, करडई, हरभरा, मूग, जवस, थोडी भाजी असे सगळे आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या आधीच्या हंगामात या एकराने घरापुरते दाणे आणि गुरांना कडबा दिला. जमीन अजून नवऱ्याच्याच नावावर आहे. उद्या त्याच्या मनात आले तर तिथे सोयाबीन होईल.

आजी गेल्यावर थोरला लेक आमच्याकडे आला. उताऱ्यावर इतर हक्कात आईचे नाव आहे, ते कमी करायचा अर्ज लिहून द्या म्हणाला. मृत्यूचा दाखला बरोबर होता. मृत्यूच्या नोंदीच्या फॉर्मात मयताचा व्यवसाय विचारतात. काय लिहिलेस, विचारले. "काय लिव्हायचं? घरकाम." आम्ही अर्ज लिहून दिला. मग दुसरा कोरा कागद पुढे ठेवला आणि १९९२ च्या परिपत्रकाविषयी सांगितले. तो बराच वेळ बसला, चहा घेतला, आणि बायकोचे नाव लावण्याच्या अर्जावर सही करून गेला. ही तीच सून, जिला आजीने कणगीची किल्ली दिली नव्हती. तिच्या नावाचा फेरफार मंजूर झाला आहे. धाकटा म्हणतो, यंदाचे सोयाबीन निघू द्या, मग बघू. ज्याच्या बायकोने एक एकर पिकवून दाखवले, तोच अडून बसला आहे.

जिल्हा बैठकीत अर्जाचे नमुने टेबलावर ठेवलेले असतील. सोबत चालू सातबारा, आठ-अ आणि नवरा-बायको दोघांची ओळखपत्रे आणावीत. अर्ज तलाठ्याकडे द्यायचा, आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे. पोच घ्यायला विसरू नये. फेरफाराची नोंद पडली की संबंधितांना नोटीस निघते, पंधरा दिवसांत हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. नाव भोगवटादाराच्या रकान्यात लागले आहे की इतर हक्कात, हे नवा उतारा काढून स्वतः वाचून पाहावे. बायकांनी अर्ज घरी न्यायला हरकत नाही, मात्र त्यावर सही नवऱ्याची लागते आणि ती त्याच्या हयातीतच चालते.